डोळा तक्रार करत नाही

दात किडला की रात्रभर झोप लागत नाही. गुडघा झिजला की जिना चढताना कळतं. पोटात कळ आली की माणूस अपरात्री डॉक्टरचं दार ठोठावतो. आपली आरोग्याची सगळी व्यवस्था, घरातली आणि सरकारी, या दुखण्याच्या भरवशावर चालते. दुखलं तर जायचं, नाही तर नाही. डोळ्यांच्या बाबतीत हा भरवसा फसवा आहे. नजर कमी होताना बहुतेकदा दुखत नाही. ती इतक्या सावकाश कमी होते की कालच्या दिसण्याशी आजचं दिसणं ताडून पाहता येत नाही. त्यातून डोळे दोन. एक मंदावला तर दुसरा त्याचं काम बिनबोभाट उचलतो आणि जे दिसत नाही ते मेंदू अंदाजाने भरून काढतो.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी डोळे तपासते, नंबर काढते, चष्मे करून देते. तपासताना एक डोळा झाकला की ‘अहो मॅडम, या डोळ्याने तर काहीच दिसत नाही’ असं दचकून म्हणणारी माणसं माझ्यासमोर नेहमी बसतात. त्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं एका डोळ्यावर मोटरसायकल चालवत असतात, दूध घालत असतात, मुलीच्या लग्नाचे हिशेब लिहीत असतात. त्यांना निष्काळजी म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्या डोळ्याने त्यांना काही कळवलेलंच नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की डोळ्यांची काळजी तक्रारीवर सोडून चालणार नाही, ती तारखेवर आणली पाहिजे. अमुक वयाला, अमुक महिन्यांनी, काही होत नसताना डोळे तपासायचे. आणि हे खरंच व्हायचं असेल तर तपासणारं माणूस जवळ हवं, ओळखीचं हवं आणि त्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेलं हवं. कुणी धडधाकट माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून, ‘सहज तपासून घ्यावं’ म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयात जात नाही. जाणारही नाही.

तक्रार न होण्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे लहान मूल. ज्याला पहिल्यापासून लांबचं धूसर दिसतं त्याला जग धूसरच असतं असं वाटतं. झाडाची पानं खालून सुटी सुटी दिसतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं, चेंडू अंगावर येईपर्यंत हात पुढे करत नाही, आणि हळूहळू ‘लक्ष नाही’, ‘खेळात ढ आहे’ हे शिक्के त्याच्यावर बसतात. पहिला चष्मा घालून माझ्या दारात उभं राहिलेलं मूल समोरच्या स्टँडवर लागलेल्या गाड्यांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचायला लागतं. आई शेजारी उभी राहून रडते, ‘आम्ही याला किती बोललो’ म्हणते. मी त्या आईला सांगते, ताई, तुमच्या लेकराने एकदाही तक्रार केली नाही, तुम्हाला कळणार कसं?

कळण्याचा मार्ग मात्र फार सोपा आणि फार जुना आहे. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरने १८६२ साली उतरत्या आकाराच्या अक्षरांचा तक्ता केला. सहा मीटरवरून जे वाचता यायला हवं ते वाचता आलं तर ६/६. आज हा तक्ता देवनागरीत मिळतो, आणि अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चित्रांचा किंवा फक्त दिशा दाखवायचा तक्ताही मिळतो. भिंतीवर तक्ता, जमिनीवर सहा मीटरची खूण आणि एक डोळा नीट झाकायला लावणारे गुरुजी किंवा बाई, एवढ्यावर शाळेतली प्राथमिक चाळणी होते. एक डोळा नीट झाकणं महत्त्वाचं. मुलं बोटांच्या फटीतून बघतात, आणि नेमका ज्या मुलाचा एक डोळा कमजोर आहे तेच मूल सगळ्यात हुशारीने बघतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात येते आणि दृष्टिदोषही त्यात आहे. कार्यक्रम चांगला आहे, पथकं शाळेत जातात, हे मी पाहते. अडतं ते पुढे. पथक चिठ्ठी देतं, चिठ्ठी दप्तरात जाते. ती घरी पोहोचली तर वडील म्हणतात बाजारच्या दिवशी बघू. पुढच्या रुग्णालयाची वेळ सकाळची, शाळेची वेळ सकाळची. दोष सापडला आणि चष्मा मिळाला या दोन गोष्टींच्या मधलं अंतर कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. ते अंतर गावातलाच तपासणारा माणूस भरून काढू शकतो, कारण त्याला ते मूल बाजारात पुन्हा दिसतं. ‘काय रे, चष्मा कुठाय?’ हे विचारणारं कुणीतरी असणं हासुद्धा उपचाराचा भाग आहे. चष्मा मिळालेली मुलं तो वापरत नाहीत ही या क्षेत्रातली नेहमीची अडचण आहे. काडी कानाला टोचते, मुलं चिडवतात, काच फुटते. या अडचणी डॉक्टरच्या पातळीवरच्या नाहीत, दहा मिनिटांत दुरुस्त होणाऱ्या आहेत, पण ती दहा मिनिटं जवळ कुठेतरी मिळाली पाहिजेत.

मुलांच्या बाबतीत उशीर परवडत नाही, याचं कारण आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला किंवा डोळा तिरळा असला तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र स्वीकारणं बंद करतो. डोळा बाहेरून निरोगी, पण बघायला शिकलेलाच नाही, अशी अवस्था होते. लहान वयात, साधारण सात-आठ वर्षांच्या आत, योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्या साध्या उपायाने हा डोळा शिकतो. वय वाढत जातं तशी ही शक्यता आक्रसत जाते. पोलीस भरतीच्या किंवा सैन्यभरतीच्या तयारीला लागलेला, पहाटे उठून पळणारा मुलगा पहिल्यांदा नीट डोळे तपासायला येतो आणि त्याचा एक डोळा आळशी निघतो, तेव्हा त्याच्याशी काय बोलावं कळत नाही. पाचव्या वर्षी जे पट्टीने झालं असतं ते आता कुठल्याही शस्त्रक्रियेने होणार नसतं. काही घरांत अजूनही तिरळं मूल नशिबाचं मानतात. मला त्या घरांशी वाद घालायचा आहे आणि मी घालते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. लग्नाच्या बायोडेटात उंची, वर्ण, रक्तगट यांच्या खाली ‘चष्मा: आहे/नाही’ अशी ओळ अजून छापली जाते. ती ओळ मुलगी पाचवीत असल्यापासून घरात वावरत असते. ‘हिला आत्तापासून चष्मा नको, सवय लागेल’, ‘नंबर वाढत जाईल’, ‘थोडा कमी नंबर द्या’ अशा विनंत्या मला मुलांपेक्षा मुलींसाठी जास्त केल्या जातात. मलेशियात एका अभ्यासात लांबचं धूसर दिसणाऱ्या, म्हणजे लघुदृष्टी असलेल्या, मुलांच्या एका गटाला मुद्दाम थोडा कमी नंबर दिला गेला. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा कमी नंबर दिलेल्यांचा नंबर जास्त वाढला होता. चष्मा घातल्याने नंबर वाढत नाही. नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबट होत जातो म्हणून. जी मुलगी चष्म्याविना बारावीपर्यंत अंदाजाने फळा वाचते ती कुठल्या शाखेला जाऊ शकली असती हे कुठल्याच बायोडेटात लिहिलेलं नसतं.

डोळ्याचा गोळा लांबट होणं, म्हणजेच लघुदृष्टी, आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. दिल्लीच्या शाळकरी मुलांच्या पाहणीत, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. पूर्व आशियात ते कितीतरी पुढे गेलं आहे, आणि तिथल्या लोकांनी त्यावर शोधलेला उपाय आपल्या कुणाच्याही आवाक्यातला आहे. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांच्या काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानात घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत नव्याने लघुदृष्टी झालेली मुलं ३०.४ टक्के निघाली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून शाळांना रोज दोन तास बाहेरच्या उजेडाचा आग्रह धरला. उजेड महत्त्वाचा, खेळ कुठलाही चालेल. आणि आपण काय करतो? परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देतो. गावातल्या शाळांना निदान मैदान असतं. शहरात दोन मजल्यांवर भरणाऱ्या शाळांना परवानगी देताना डोळ्यांचा विचार कुणी केला होता, असं मला वाटत नाही.

मोबाइलबद्दल मला रोज विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. स्क्रीनकडे बघताना पापण्यांची उघडझाप फार कमी होते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. अधूनमधून लांब बघावं, पापण्या मिटाव्यात. निळ्या प्रकाशाच्या काचांवर जादा पैसे घालू नयेत. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात, १७ चाचण्या एकत्र पाहून, डोळ्यांचा थकवा अशा काचांनी कमी होतो असं आढळलं नाही. ते पैसे चांगल्या फ्रेमवर आणि पुढच्या तपासणीवर खर्च करावेत.

आता चाळिशीकडे येते, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे. डोळा तक्रार करत नाही असं मी म्हणाले, त्याला एक ठळक अपवाद आहे. चाळिसाच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचं दिसेनासं होतं. पेपर लांब धरावा लागतो, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागते, तांदळातले खडे राहून जातात. हे प्रत्येकाला होतं, श्रीमंताला आणि गरिबाला, आणि हे माणसाला कळतं. आयुष्यभर गप्प राहिलेला डोळा पहिल्यांदा बोलतो.

या एका गोष्टीवर इलाज किती स्वस्त आणि किती मोलाचा आहे, याचा पुरावा आसामच्या चहाच्या मळ्यांतून आला. चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मळेकामगारांपैकी अर्ध्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, अर्ध्यांना अभ्यास संपल्यावर. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. पानं खुडणाऱ्या बाईला चष्म्याने एवढा फरक पडतो, तर ब्लाउज शिवणारी, काज-बटण करणारी, पापडाच्या लाट्या मोजणारी, बचत गटाची वही लिहिणारी बाई चष्म्याविना रोज किती कमाई गमावते याचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालात चाळिशीचा चष्मा न मिळालेल्या लोकांची संख्या जगभरात ८२ कोटींवर धरली आहे. एवढ्या लोकांना औषध नको, शस्त्रक्रिया नको, दोन काचा हव्यात.

पण आपल्याकडे ही पहिली तक्रार भागवली जाते कशी? आठवडी बाजारात पथारीवर मांडलेल्या तयार चष्म्यांतून एक उचलून. मी त्या चष्म्याला शिव्या देणार नाही. दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर असेल, सिलिंडरचा, म्हणजे ठरावीक कोनात बसवायच्या काचेचा, नंबर नसेल, तर त्याने काम भागतं, आणि काहीच नसण्यापेक्षा तो शंभरपट बरा. माझं दुःख वेगळं आहे. त्या पथारीवर चष्मा मिळतो, तपासणी मिळत नाही. चाळिशी हा नेमका तो टप्पा आहे जिथून काचबिंदू, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल, पुढे मोतीबिंदू हे सगळं सुरू होऊ शकतं. माणूस आपण होऊन डोळ्यांसाठी घराबाहेर पडला होता. त्याला तसाच, डोळ्यात एकदाही कुणी न बघता, परत पाठवलं. यानंतर तो पुन्हा येईल तो साठीत, दिसेनासं झाल्यावर.

काचबिंदूचं स्वरूप समजलं की ही संधी गमावणं किती महाग पडतं ते कळतं. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस त्यात हळूहळू सुकते. बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढलेला असतो, पण दाब ठीक असूनही काचबिंदू होतो, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, मागची नस पाहावी लागते. नजर आधी कडेने जाते. मधलं, म्हणजे वाचायचं, माणसाचा चेहरा ओळखायचं, बराच काळ शाबूत राहतं. तक्त्यावर ६/६ वाचणाऱ्यालाही काचबिंदू असू शकतो. त्याला दुचाकीच्या बाजूने येणारा ट्रॅक्टर दिसत नाही, उंबऱ्याला ठेच लागते, आणि घरातले म्हणतात, बघून चालत नाहीत. गेलेली नजर कुठल्याच उपायाने परत येत नाही. उरलेली मात्र बहुतेकांची रोजच्या थेंबांनी राखता येते. आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल तर धोका बराच वाढतो. म्हणून माझ्याकडे काचबिंदूचा एक रुग्ण सापडला की मी त्याच्या भावांची नावं विचारते.

मधुमेहाचंही तसंच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींत साधारण सहापैकी एकाच्या पडद्यावर आजाराचे बदल आढळल्याचं दुसऱ्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं. पडद्यावर रक्तस्राव होईपर्यंत माणसाला पेपर नीट वाचता येत असतो. ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे, नजर चांगली आहे’ म्हणणाऱ्यालाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यावाच लागतो.

आपल्याकडे डोळ्यांचं आरोग्य म्हटलं की मोतीबिंदूचं शिबिर आठवतं, आणि ते योग्यच आहे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा मोठा प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या सर्जनांनी खेडोपाडी जाऊन गोरगरिबांना नजर दिली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातल्या ऑरोलॅबने १९९२ पासून डोळ्यात बसवायची भिंगं इथेच बनवून ती सामान्यांच्या आवाक्यात आणली. या पिढीने जे केलं त्याच्यापुढे मी नतमस्तक आहे. काम संपलेलंही नाही. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश अजूनही मोतीबिंदूमुळे आहे.

तरीही शिबिराने आपल्याला एक सवय लावली, ती आता अडसर ठरते आहे. डोळ्यांची सोय वर्षातून एकदा बाहेरून येते, कुणीतरी पुढारी तिचं उद्घाटन करतो, ती फुकट असते आणि निघून जाते, असं लोकांच्या मनात बसलं. मोतीबिंदूला हे चालतं. तो एकदा काढला, भिंग बसवलं, की मुख्य काम झालं. काचबिंदूला आयुष्यभर थेंब आणि दर काही महिन्यांनी तपासणी लागते. मुलाचा नंबर दर सहा महिन्यांनी, निदान वर्षाने बघावा लागतो. मधुमेहीचा पडदा दरवर्षी. शिबिरात सापडलेल्या काचबिंदूच्या रुग्णाला थेंबांची एक बाटली मिळते. ती संपते, शिबिर गेलेलं असतं, डोळा दुखत नसतो. पुढचं सांगायला नको.

आणि काही प्रसंगांत तर दिवसही हातात नसतात, तास असतात. आमचा भाग उसाचा. तोडणीच्या हंगामात उसाची पात सपकन डोळ्याला लागते. बुबुळावर बारीक ओरखडा उठतो. कामगार पाण्याने डोळा धुतो, कुणी त्यात दूध घालतं, कुणी मध, आणि तोडणी चालू राहते, कारण टोळीची उचल आधीच घेतलेली असते. त्या ओरखड्यात बुरशी शिरली तर बुबुळावर जखम होते, ती भरली तरी फूल पडतं आणि नजर जाते. २०१५ ते २०१९ च्या त्याच सर्वेक्षणात ५० च्या आतल्या लोकांत अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण बुबुळाचे आजार हे निघालं. म्हणजे कमावत्या वयातली माणसं. यावरचा धडा नेपाळमधल्या भक्तपूरने दिला आहे. तिथे गावागावांत स्वयंसेवक तयार केले. डोळ्याला काही लागलं की लोक त्यांच्याकडे यायचे. ते ओरखडा आहे का पाहून तीन दिवस साधं प्रतिजैविक मलम घालायचे. २००१ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकाच्याही बुबुळावर पुढे जखम झाली नाही. बीडहून, नगरहून आमच्या शिवारात पाल ठोकून राहणाऱ्या टोळीला १८ तासांच्या आत गाठणारं कोण आहे? जिल्ह्याचं रुग्णालय त्यांना गाठणार नाही. कारखान्याच्या गेटवर, जिथे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तासन्‌तास रांगेत असतात, तिथे डोळा तपासू शकणारं एक माणूस हंगामभर बसवणं कारखान्याला जड नाही.

जवळ कुणी नसलं की ती जागा औषधाचं दुकान घेतं. जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे येण्याची मोठी साथ आली, मग ती राज्यभर पसरली. असे डोळे बहुतेकदा विषाणूमुळे येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. लोकांनी काउंटरवरून स्टेरॉइड मिसळलेले थेंब घेतले, लाली झटकन उतरली आणि ती बाटली घरातल्या फळीवर कायमची बसली. उन्हाळ्यात मुलाचे डोळे खाजले, घाला दोन थेंब. महिनोन्‌महिने असं झालं की डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो, तोही दहा-बारा वर्षांच्या मुलाला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी घरातल्या थेंबांच्या बाटल्या सोबत आणायला सांगते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे शेवटी चष्मे विकणारा. त्याच्यावर एवढा भार टाकावा का? डोळ्यांच्या डॉक्टरांनाही ही शंका असते, आणि ती निराधार नाही. ‘मोफत कॉम्प्युटर नेत्रतपासणी’ ही पाटी आपण सगळीकडे पाहतो. यंत्रात डोकावलं, कागद बाहेर आला, त्यावरच्या आकड्यांप्रमाणे काचा बसवल्या. यंत्राचा आकडा ही सुरुवात असते. त्यानंतर ट्रायल फ्रेममध्ये एकेक काच बदलत ‘ही बरी की ती?’ विचारत, सिलिंडरचा कोन जुळवत, मुलांच्या बाबतीत गरज असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थेंब घालून, खरा नंबर काढावा लागतो. मग डोळ्यांची हालचाल, बाहुलीची प्रतिक्रिया, दाब, मागची नस. याला वेळ लागतो. तपासणी फुकट दिली की हा वेळ फ्रेमच्या किमतीतून वसूल करावा लागतो आणि तपासणी ही विक्रीची पायरी होते. ज्याला चष्म्याची गरज नाही त्याला ‘काही नको, वर्षाने या’ म्हणणं तिथे तोट्याचं ठरतं. म्हणून तपासणीचे वेगळे पैसे घ्यावेत, थोडे का असेनात, आणि गिऱ्हाइकाने ते द्यावेत, असं मी ठामपणे म्हणते. नंबर लेखी द्यावा, दोन बाहुल्यांमधल्या अंतरासकट, म्हणजे चष्मा कुठूनही करून घेता येईल. नस संशयास्पद दिसली तर डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी द्यावी आणि त्या माणसाला फ्रेम दाखवत बसू नये.

शिकलेला कोण आणि पाटी लावलेला कोण हे लोकांना ओळखता यावं, ही त्याची दुसरी बाजू. भारतात ऑप्टोमेट्रीचे अभ्यासक्रम १९५८ पासून आहेत आणि चार वर्षांची पदवी १९८५ पासून, चेन्नईच्या एलिट स्कूलने ती सुरू केली. तरी कोण ऑप्टोमेट्रिस्ट हे ठरवणारा देशव्यापी कायदा यायला २०२१ उजाडलं. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या त्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टची नोंद आहे, नोंदणीची तरतूद आहे. ती नोंदणी तालुक्यातल्या दुकानाच्या भिंतीवर प्रमाणपत्र म्हणून लागेपर्यंत गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग नाही. चष्म्याच्या किमतीबाबतही एक पाऊल पडलं: सप्टेंबर २०२५ मध्ये नंबरच्या चष्म्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं. मुलांच्या आणि चाळिशीच्या साध्या चष्म्यावर तो शून्य असायला माझ्या मते काहीच हरकत नव्हती.

डॉक्टर आणि ऑप्टोमेट्रिस्ट यांच्यात कामाची वाटणी कशी असावी याचा नमुना शोधायला फार लांब जायला नको. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने साधारण ५०,००० लोकवस्तीमागे एक दृष्टी केंद्र ही रचना उभी केली. त्या केंद्रात त्याच भागातला तरुण किंवा तरुणी, प्रशिक्षण घेऊन, नंबर काढते, चष्मा देते, आजार ओळखते आणि पुढे पाठवते. अरविंदच्या केंद्रांत रुग्ण गावातच बसतो आणि डॉक्टर त्याला रुग्णालयातून स्क्रीनवर पाहतात. शस्त्रक्रिया सर्जनच करतो. त्याचा वेळ नंबर काढण्यात जात नाही, आणि त्याच्यापर्यंत काचबिंदू वेळेत पोहोचतो.

महाराष्ट्रात यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. जिथे ते आहेत तिथे आठवड्याचा एक ठरलेला दिवस, शक्यतो गावच्या बाजाराचा, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावं. जिथे नाहीत तिथे खासगी ऑप्टोमेट्रिस्टला दिवसाचं मानधन देऊन बोलवावं; आमच्यापैकी बरेच जण आनंदाने येतील. आशाताईंच्या वहीत गरोदर मातांच्या आणि लसीकरणाच्या तारखा असतातच. त्यात पाच वर्षं पूर्ण झालेली मुलं आणि चाळीस पूर्ण झालेली माणसं यांच्यासाठी दोन रकाने वाढवता येतील. बाजारातल्या पथारीवाल्याला हुसकायचंही कारण नाही. त्याच्या शेजारी तपासणीचं टेबल मांडावं, आणि चाळिशीचा चष्मा घ्यायला आलेल्या माणसाला उठण्याआधी त्याच्या डोळ्यांतला दाब मोजून, मागची नस बघून, पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून द्यावी.